कोणीतरी फोडून ठेवलेले निळे खडे

१

“हिच्याबी फोनात तेच चमकते गोटे हायेत, सोजरा. पहिलीच्या फोनात होते तसेच. पाह्यजो, हीबी जाईन एक दिवस.”

सासूबाई हे शेजारच्या सोजराबाईंना सांगत होत्या. दोघी ओट्यावर अंबाडी निवडत बसल्या होत्या आणि मी मोरीत भांडी घासत होते. आमच्या मोरीला एक लहान खिडकी आहे आणि ती नेमकी ओट्यावर उघडते. घरातल्या कोणाच्या हे अजून लक्षात आलेलं नाही, आणि मीही ते कोणाला सांगितलेलं नाही.

माझा हात थांबला. मग वाटलं, थांबलेला हातही ऐकू जातो. म्हणून घासून झालेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

“गोटे पाह्यल्यानं कोणी जाते काय, माय?” सोजराबाई म्हणाल्या.

“पहिली गेली ना.”

पहिली म्हणजे माझी जाऊ, छाया. माझे मोठे दीर गोपालभाऊजी, त्यांची बायको. मी या घरात यायच्या आधीच ती घर सोडून गेली होती. एवढं मला माझ्या माहेरी, मेहकरला, स्थळ सांगतानाच सांगितलं होतं, तेही दुखण्याचं नाव सांगावं तशा आवाजात. या घरात तिचं नाव कोणी घेत नाही. ‘पहिली’ म्हणतात.

मला राग यायला हवा होता. आली ती लाज. कारण गोट्यांचं त्यांचं म्हणणं खरं होतं. म्हणजे त्यांनी माझा फोन पाहिला होता. दाराकडे पाठ करून, पदर पुढे ओढून मी बसत होते, त्यातल्या कुठल्यातरी दुपारी त्या माझ्या मागे उभ्या होत्या आणि मला कळलं नव्हतं.

मी कमी बोलते. सासरी याला वळण म्हणतात. त्या दिवसापासून मला ते लपवाछपवी वाटायला लागलं.

२

तसा तो गेम साधा आहे. झगा घातलेली, पाठीला हातोडा बांधलेली एक पोरगी डोंगरदऱ्यांत हिंडते. राक्षस मारायचे असतात, कोणाकोणाची कामं करून द्यायची असतात. मला त्यातलं काही आवडत नाही. मला गुहेतले ते खनिजाचे दगड आवडतात. अंधारात, भिंतीतून अर्धे वर आलेले, निळसर पांढरा उजेड असलेले. जवळ गेलं की बारीक घुमल्यासारखा आवाज येतो. हातोडीचे चार घाव घातले की फुटतात, खडे खाली पडतात, आपण त्यांच्यावरून चालत गेलो की ते आपले होतात. दोन-चार दिवसांनी दगड पुन्हा त्याच जागी उगवतो. त्या खड्यांच्या तलवारी करायच्या असतात. माझ्याजवळ ढीग साठलाय, तलवार एकही नाही.

माझा धाकटा भाऊ गजेंद्र यानं तो माझ्या फोनात टाकून दिला होता. लग्नाआधी आम्ही दोघं मिळून खेळायचो. सासरी आल्यावर मी एकटीच, दुपारी, घर आडवं झालं की. फोनचा आवाज बंद करून.

बसायची ती मागच्या खोलीत. पुढच्या खोल्या स्लॅबच्या आहेत, गुलाबी रंगाच्या. मागची तेवढी जुनी, मातीच्या जाड भिंतींची राहू दिली आहे, कारण तिथं कांदा टिकतो. बियाण्याच्या पिशव्या, फवारणीचा पंप, लोंबणाऱ्या लसणाच्या जुड्या, आणि मी. आमचं शेत वांग्याचं, मिरचीचं, सांबाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं. मामाजी, म्हणजे माझे सासरे नारायणराव, आणि भाऊजी ते बघतात. माझे यजमान प्रज्वल मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जातात. दुपारी घरात पुरुष नसतात.

गेममध्ये एका धबधब्याच्या मागे अरुंद भगदाड आहे. वाकून आत जावं लागतं. शेवटी एकच दगड. तो मी नेहमी सगळ्यात शेवटी ठेवायची, ताटातला गोड घास ठेवावा तसा.

एका दुपारी गेले तर भिंतीत दगड नव्हता. खडे मात्र होते. दगड फुटला की खडे भिंतीच्या पायाशी पडतात. हे भगदाडाच्या तोंडाशी पडले होते, मी वाकून आत शिरते तिथं, एका जागी गोळा करून ठेवल्यासारखे.

मी उचलले. आयतं मिळालं की माणूस विचारत नाही, कोणी ठेवलं म्हणून.

३

पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्या वेळीही.

गजेंद्रला फोन करून विचारलं. तो हसला. “ताई, तुझ्या जगात तू हो म्हटल्याशिवाय कोणी येऊच शकत नाही. आणि आलंच कोणी तर फोडेल आणि घेऊन जाईल. फोडून ठेवून कोण जाईल? येडं का कोणी?”

मग मी ठरवलं की गेम बिघडला आहे. बिघडलेल्या गोष्टी मला समजतात. आमच्याकडचा मिक्सरही बटण दाबलं की आधी विचार करतो.

पण मग तो आवाज लक्षात आला. टक्. जरा वेळ काही नाही. टक्. मऊ कशावर तरी लोखंड बसल्यासारखा, जोर नसलेला, पण न कंटाळणारा. गेममधला असेल म्हणून मी फोन पाहिला. फोनचा आवाज बंदच होता. गेम बंद केला. टक्.

पाल असेल. छताच्या लाकडी सरात कीड लागली असेल. पुढच्या टाकीचा नळ ठिबकत असेल आणि भिंतीतून ऐकू येत असेल. मी उठून टाकी पाहून आले. कोरडी होती, कारण त्या दिवशी लाइन नव्हती. परत येऊन भिंतीला कान लावला. आवाज थांबला. मी श्वास धरून उभी राहिले, आणि मला स्पष्ट वाटलं की पलीकडंही कोणीतरी श्वास धरून उभं आहे.

पलीकडं काही नाही. पलीकडं शेवग्याचं झाड आहे आणि शेजारच्या शंकररावांचं वावर.

“अनुपमा, भिंतीले काय सांगून राह्यली?” सासूबाई दारात होत्या. हसत होत्या, पण नजर माझ्या हातातल्या फोनवर.

“मुंगळे दिसले, आई,” मी म्हणाले.

४

छायाताईंचं मला प्रज्वलनं सांगितलं. आम्ही शेगावहून दर्शन करून मोटारसायकलवर परतत होतो. बायकोकडं पाठ असली की त्याला बोलायला सोपं जातं.

मी विचारलं, वहिनी दिवसभर फोनवर असायच्या का. नांदुऱ्याच्या अलीकडं एक ट्रक गेला, मग बोलला.

वहिनी दुपारी मागच्या खोलीत बसायच्या. एकदा आईनं फोनातून माणसाचा आवाज ऐकला. वहिनी हसून त्याला म्हणत होत्या, तू ये, मी थांबते इथं. आईनं विचारलं तर म्हणाल्या, गेम आहे. कोण मानणार? घरात कडाक्याचं झालं. घट बसायच्या आधीचे दिवस होते, मागची खोली पोतारणं चाललं होतं, म्हणजे मातीच्या भिंतींना पांढरी माती कालवून लावणं. त्या दिवशी माती सरली. वहिनी घमेलं आणि खुरपं घेऊन निघाल्या ते परत आल्याच नाहीत.

“शोधलं नाही?”

“शोधाचं कुठं? फाट्यावर निळ्या साडीची बाई आटोत बसताना पाह्यली म्हणे कोणीतरी. फोन घरातच टाकून गेली होती. आई म्हणे, पत्ता लागू नये म्हणून टाकला. दादानं तो फोन इहिरीत फेकला.”

पोलिसांत सांगितलं नाही. काय सांगायचं? आपलंच नाक कापून घ्यायचं? छायाताईंचा भाऊ आला होता. ओट्यावर बसला, पाण्याला हात लावला नाही, जाताना मामाजींच्या पाया पडून गेला. जणू त्यानंच काही चोरलं होतं.

आणि मी मागे बसून ऐकत होते. मला त्या माणसाचा आवाज माहीत होता. तो माणूस नव्हे, तसले आवाज. गेममध्ये चार अनोळखी माणसं एकत्र होतात, कानात बोलतात. डावीकडं ये. दगड आहे इथं. तू ये, मी थांबते. मी स्वतः लग्नाआधी हे कितीदा म्हटलंय, नाव-गाव माहीत नसलेल्या कोणाकोणाला. फोनशिवाय न राहणारी बाई फोन टाकून पळत नाही, एवढं तर मला समजत होतं.

ते मी प्रज्वलला सांगितलं असतं तर त्यानं मागं वळून विचारलं असतं, तुले कसं माहीत?

म्हणून मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “हळू चालवा.”

५

मागच्या खोलीची एक भिंत अर्धीच पांढरी आहे. मी रोज तिलाच टेकून बसायची आणि माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं की अर्धी का.

त्या दिवशी नीट पाहिली. पोतारताना बोटांच्या कमानी उमटतात, एकीला लागून एक, खवल्यांसारख्या. दारापासून त्या ओळीनं येत होत्या, न चुकता, सुबक हाताच्या. मधे येऊन थांबल्या होत्या. शेवटची कमान अर्धवट होती. बोटांवरची माती संपली तिथं ती फिकट होत होत विरली होती. पुढे नुसती काळपट भिंत. छायाताई गेल्यापासून या खोलीला कोणी माती लावली नव्हती. गुडघे दुखतात, सासूबाई म्हणायच्या.

पळून जायचं असेल तर भिंत अर्धी पोतारून कोण पळतं? मग मलाच वाटलं, जायचं असेल ती अर्धवटच टाकून जाईल ना. पूर्ण करून कशाला जाईल? दोन्ही बाजूंनी मला पटत होतं. हा माझा जुना त्रास आहे.

दुपारी गेम उघडला. धबधबा, भगदाड. खडे तोंडाशी गोळा केलेले. या वेळी उचलले नाहीत. बाजूनं आत गेले, जिथं नुसता दगड पाहायची सवय होती तिथली भिंत पाहिली. ती गेमवाल्यांनी काळ्या कातळाची केली आहे. तिच्यावर पांढरं काहीतरी होतं. फोन डोळ्यांजवळ नेला. कमानी. एकीला लागून एक, आणि मधेच संपलेल्या.

मी गेममधल्या पोरीला मागे मागे नेत तोंडाशी आणून उभं केलं. माझीच सावली काचेत पडली असेल. माझ्या पाठीमागच्या भिंतीचं प्रतिबिंब असेल. तेच असणार. मी फोन तिरका करून पाहिला, पालथा करून पुन्हा पाहिला.

मग आतून, अंधारातून, एक निळा खडा सरकत बाहेर आला. घरंगळला नाही. कोणी ढकलावा तसा थोडा आला, थांबला, पुन्हा थोडा आला, आणि बाकीच्या ढिगाला लागून राहिला.

मी गेम काढून टाकला. फोनातून पुसूनच टाकला.

माझ्या पाठीमागे भिंतीत टक् झालं.

६

“घट बसाले आले,” सासूबाई म्हणाल्या. “औंदा मांगची खोली पोतारू. नवी सून हाय घरात.”

पांढरी माती गावाबाहेरच्या गढीची. गढी म्हणजे आता नुसता मातीचा उंच ढिगारा, आतून बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या उकरून पोकळ केलेला. सासूबाईंनी मला रीत सांगितली. मातीला दोघींनी जायचं. एकीनं वाकून आत शिरायचं, खुरप्यानं माती पाडायची, घमेलं भरलं की तोंडाशी ढकलायचं. दुसरीनं बाहेर थांबायचं. भरलेलं उचलायचं, रिकामं आत द्यायचं. बाहेरचीनं जागा सोडायची नाही. वरून खडा जरी पडला तरी आतलीला हाक मारायची.

“एकटीनं कधीच जात नसतात,” त्या म्हणाल्या.

मी भांडं पुसत होते. पुसता पुसता विचारलं, “छायाताई कोणासोबत गेल्या होत्या?”

त्या घरात मी ते नाव पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही.

“थे मातीले गेलीच नाही. मातीचं नाव केलं तिनं.” थोड्या वेळानं, कोणी न विचारता, त्या पुढं म्हणाल्या, “मले म्हने, आई, चला. म्या म्हनलं, मी नाही येत. तुह्या त्या फोनातल्याले ने सोबत.”

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. पुसण्यासारखं काही नव्हतं.

मला सोजराबाईंसोबत पाठवलं. सोजराबाई चालताना भरपूर बोलतात, त्यांना उत्तर लागत नाही. त्यांच्या सुनेची टीव्हीची आवड, मोताळ्याच्या बाजारात वांग्याला न मिळालेला भाव, रस्त्याच्या कामाला गढीची माती नेणार आहेत ते. उद्या मशीन येणार. म्हणून आजच न्यावी.

गढीशी आल्यावर त्यांनी मला उगवतीच्या बाजूला नेलं. मावळतीकडंही एक कड दिसत होती, उतरती, वर गवत वाढलेली. “तिकडं नाही काढत?” मी विचारलं.

“त्या आंगाले नको जाऊ. थे कड खचून बसली ना.”

“केव्हा?”

“तुही जाऊ गेली ना, त्या साली. घटाच्या आधीच. पाणी झालं होतं राती अन् दिवसा कड बसली. बरं झालं, कोणी नव्हतं आत.” आणि त्यांनी तंबाखूची पुडी सोडली.

मी त्यांच्याकडं पाहत राहिले. त्या तळहातावर चुना मळत होत्या. दोन्ही गोष्टी त्यांना माहीत होत्या. गावालाही माहीत असणार. एक शरमेची होती म्हणून तिच्याजवळ कोणी दुसरी नेऊन ठेवली नव्हती.

७

सोजराबाईंच्या ओळखीची एक बाई शेळ्या घेऊन आली आणि त्या बोलायला लागल्या. मी घमेलं उचललं. उगवतीच्या बाजूनं आत शिरायचं होतं. मी वळसा घालून मावळतीकडं गेले. का गेले, ते ठरवून सांगता येणार नाही. कानांनी नेलं.

ऊन डोक्यावर होतं. आठ-दहा दिवसांत पावसाचा थेंब नव्हता, गवताच्या काड्या पायाखाली मोडत होत्या. टक्. बसलेल्या कडेच्या पायाशी, गवताआड, एक भगदाड होतं. कुत्र्यानं उकरावं एवढं. वाकून आत जाता आलं नसतं. नुसतं वाकून पाहता आलं असतं.

मी वाकले.

आत निळसर पांढरं होतं. अंधारात, मातीतून अर्धं वर आलेलं, घटकाभर उजळायचं आणि मंद व्हायचं. पांढऱ्या मातीत अभ्रक असतं. वरच्या भेगेतून ऊन येत असेल आणि शेळ्यांच्या सावलीनं कमी-जास्त होत असेल. शेळ्या पलीकडच्या बाजूला होत्या, हे मला आठवत होतं. आणि तो घुमल्यासारखा बारीक आवाज, तो मधमाश्यांचा असेल. गढीत पोळी असतात.

टक्. टक्. मग लोखंडावर माती पडल्याचा आवाज, ओंजळीएवढी. पुन्हा ओंजळ. कोणीतरी भरत होतं.

मग घासल्याचा आवाज. थोडा, थांबून पुन्हा थोडा. भगदाडाच्या आत, हात पोचेल इतक्या अंतरावर, घमेल्याची कड आली. गंजलेली, काठोकाठ पांढऱ्या मातीनं भरलेली. माती ओली होती. आत्ताच काढलेली. वरून हातानं थापून गोल केलेली, बोटांच्या कमानी उमटलेली.

कडेवर चार बोटं होती. मातीनं पांढरी. ढकलून झाल्यावर ती मागं गेली नाहीत. कड धरून थांबली. बाहेरचीनं उचलेपर्यंत आतली धरून ठेवते ना, तशी.

मी हे का लिहिते आहे ते मला माहीत आहे. माझा हात पुढं गेला. भीतीनं मागं नाही, पुढं. रिकामं घमेलं आत द्यायचं, भरलेलं उचलायचं, एवढीच रीत होती आणि ती करायला दुसरी बाई तिथं उभी होती. चार बोटांनी कड सोडली आणि माझ्या घमेल्यासाठी उघडी झाली.

तेवढ्यात सोजराबाईंनी हाक मारली. माझ्या हातून घमेलं सुटलं आणि मी पळाले. वळशाशी पोचल्यावर मागं पाहिलं. गवत हलत होतं. रिकामं घमेलं मी टाकलं तिथं नव्हतं.

सोजराबाईंना म्हटलं, चक्कर येते आहे. त्या माझ्या पोटाकडं पाहून हसल्या आणि वाटभर लाडानं बोलत राहिल्या. मी त्यांना तसंच समजू दिलं. इतकी वर्षं जी बाहेरच्या बाईची वाट पाहते आहे तिला हाक द्यायची सोडून मी पळून आले होते. या घरातली पळालेली पहिली बाई मीच होते.

८

चहाची वेळ होती. सगळे ओट्यावर होते. मामाजी वावरातून आले होते, भाऊजी कडेला पायरीवर बसले होते, नेहमीसारखे रस्त्याकडं तोंड करून. बाजाराची सुट्टी म्हणून प्रज्वलही घरी होता. सोजराबाईंनी दारातूनच सांगितलं की पोरीला चक्कर आली, काळजी घ्या, आणि डोळा मिचकावून गेल्या. सासूबाईंचा चेहरा उजळला. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं नव्हतं.

“बस माय, बस. चहा मी आणतो,” त्या म्हणाल्या. मग माझ्या हातांकडं पाहून, “घमेलं कुठं हाय?”

“राहिलं तिथंच.”

“राहू दे, राहू दे. ओझं नकोच उचलू आता.”

मामाजी बशीत चहा ओतत म्हणाले, मातीची काय काळजी. उद्या मशीन लागणारच आहे गढीला. मावळतीच्या अंगानं सुरुवात करणार, तिकडची बसलेली आहे, सैल आहे. ड्रायव्हर ओळखीचा आहे, एक ट्रॉली इथं दारातच पाडून घेऊ. खोली पोतारून उरेल.

ती माती. दारात. कालवायची आणि भिंतीच्या उरलेल्या अर्ध्याला लावायची.

मला दिसलं की मी काही बोलले तर काय होईल. आत्ताचा हा सासूबाईंचा चेहरा पुन्हा मिळणार नाही. तुला कसं माहीत, विचारतील. फोन काढावा लागेल, दुपारी काय करते ते सांगावं लागेल, मोरीच्या खिडकीचंही. भाऊजींसमोर ते नाव घ्यावं लागेल. उद्या मशीननं काही निघालं नाही तर मी वेडी. निघालं तर ओट्यावरच्या प्रत्येकाला आयुष्यभर एकमेकांकडं पाहायचं आहे. आणि काही बोलले नाही तर लाज कोणालाच नव्हती. ती होती तिथंच राहिली असती, एका बाईच्या नावावर, जिथं ती सगळ्यांनी मिळून ठेवली होती.

आत, मागच्या खोलीत, टक् झालं.

मी सगळ्यांचे चेहरे पाहिले. कोणी ऐकलं नव्हतं. भाऊजींनी मात्र मान वळवली होती. रस्त्याकडून घराकडं. मला तेव्हा कळलं की ते मागच्या खोलीत कधीच का पाय ठेवत नाहीत.

मी उठून उभी राहिले. पदर डोक्यावरून घसरला, तो सावरला नाही. मेहकरची माझी भाषा सासूबाईंना आजवर पुस्तकातली वाटायची. तोंड उघडलं तेव्हा त्यांचीच बाहेर आली.

“मामाजी, मशीनवाल्याले आत्ताच नाही म्हना. हातानं उकराले लागीन. छायाताई कुठंच गेल्या नाहीत. त्या मातीलेच गेल्या होत्या. घमेलं भरून तोंडाशी आणून ठेवून राह्यल्या अन् बाहेर उचलाले कोणी नाही. आई, त्या अजून तुमचीच वाट पाहून राह्यल्या.”